फिलोकॅलसची अक्षरं गिरवताना : पोप दमाससचे शिलालेख, कामाची नोंद

मंडळी, रोमन सुलेखनाचं जे काम हाती घेतलंय, त्यातला पोप युसेबियसचा शिलालेख आता शेवटच्या ओळींवर आलाय. हुतात्मा संत आग्नेसचा त्याआधीच पूर्ण झाला. सुरुवात निव्वळ अक्षराच्या ओढीने झाली होती. पण या ओळी कोणी आणि कशासाठी कोरून घेतल्या हे वाचत गेलो आणि पोपपदाच्या आरंभकाळातच अडकलो. त्यामुळे या वेळच्या नोंदीत टाक-शाई आणि इतिहास दोन्ही येणार.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. दमासस हा इ.स. ३६६ ते ३८४ या काळात रोमचा बिशप, म्हणजेच पोप, होता. रोमच्या तटाबाहेरच्या कॅटकोम्बमध्ये, म्हणजे भुयारी दफनभूमींमध्ये, त्याने हुतात्म्यांच्या कबरी शोधल्या, त्यांची डागडुजी केली आणि तिथे स्वतः रचलेली लॅटिन पद्यं संगमरवरावर कोरून लावली. अक्षरं फ्युरियस डायोनिसियस फिलोकॅलसची. इ.स. ३५४च्या प्रसिद्ध सचित्र पंचांगाच्या मुखपृष्ठावरही याच लेखनिकाचं नाव आहे, आणि त्याच ग्रंथात येशूचा शिष्य पीटर याच्यापासून दमाससच्या आधीच्या लायबेरियसपर्यंतच्या रोमच्या बिशपांची यादी आहे. मूळ ग्रंथ हरवला, नकलांवरून केलेल्या नकला तेवढ्या उरल्या.

फिलोकॅलसचं वळण एकदा डोळ्यांत बसलं की कुठेही ओळखू येतं. उभा दंड भरघोस जाड, आडवी रेघ केसाइतकी बारीक, आणि दंडाच्या टोकांना नाजूक कुरळे आकडे. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावरची अक्षरं काढताना टाक तिरका धरतो, तसा इथे धरून चालत नाही. निबेची धार ओळीला जवळजवळ समांतर ठेवावी लागते. जरा कोन फिरला की दंड रोडावतो आणि आडवी रेघ फुगते. देवनागरीची सवय असलेल्या हाताला हे सुरुवातीला परकं वाटतं, कारण आपल्या अक्षराची जाडी तिरक्या टाकातूनच येते. मी आधी संपूर्ण ओळीचे उभे दंड कट निबने, म्हणजे चपट्या टोकाच्या निबने, काढून घेतो, ते वाळू देतो, मग आडव्या रेघा, आणि कुरळे आकडे सर्वांत शेवटी साध्या टोकदार निबने. खरबरीत हँडमेड कागदावर आकड्यांत शाई पसरते. त्यासाठी गुळगुळीत कागदच बरा.

आग्नेसच्या शिलालेखाची फरशी नमुन्यासाठी सर्वांत उत्तम. तिच्या नावाच्या रोममधल्या चर्चमध्ये ही फरशी पुढे जमिनीत पालथी बसवली गेली होती. मजकुराची बाजू खाली असल्यामुळे पावलांनी झिजली नाही आणि दहाच्या दहा ओळी शाबूत राहिल्या. अक्षरांतलं अंतर, जाडीचं प्रमाण, आकड्यांची वळणं, सगळं तिच्यावरून घ्यावं.

युसेबियसचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. हा इ.स. ३०९च्या सुमारास काही महिनेच बिशप होता. छळाच्या काळात श्रद्धा सोडलेल्यांना परत कसं घ्यायचं यावरून रोमच्या ख्रिस्ती लोकांत उभी फूट पडली, आणि सम्राट मॅक्सेन्शियसने युसेबियस आणि त्याचा विरोधक हेराक्लियस दोघांनाही हद्दपार केलं. युसेबियस सिसिलीत वारला. दमाससने हे सगळं आठ ओळींत बसवलंय. त्यातली एक ओळ मी सराव म्हणून पुन्हा पुन्हा काढली: सेदितियो, काएदेस, बेल्लुम, दिस्कोर्दिया, लितेस. बंडाळी, कत्तल, युद्ध, दुही, तंटे. नुसती नामं, एकामागून एक.

ही ओळ लिहिणारा माणूस स्वतः कसा निवडून आला होता, ते आठवलं की हात थबकतो. ३६६ साली दमासस आणि उर्सिनस अशा दोघांचीही निवड झाली, आणि दोघांचे समर्थक रस्त्यावर उतरले. इतिहासकार अम्मियानस मार्सेलिनस सांगतो की एका बॅसिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, एकाच दिवसात १३७ प्रेतं सापडली, आणि नगरप्रमुख व्हिव्हेंशियसला दंगल आवरेना म्हणून तो उपनगरात निघून गेला. अम्मियानस ख्रिस्ती नव्हता. रोमच्या बिशपपदासाठी माणसं इतकी का झगडतात याचं कारणही तो देतो: कुलीन स्त्रियांच्या देणग्या, फिरायला गाड्या, उंची कपडे आणि राजाच्या पंगतीला मागे टाकतील अशा मेजवान्या. म्हणजे चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत हे पद मोठ्या सत्तेचं झालं होतं.

आधी ते तसं नव्हतं. इ.स. ९६च्या आसपास रोमहून करिंथला गेलेलं पत्र आपण रोमचा सुरुवातीचा बिशप मानल्या जाणाऱ्या क्लेमेंटच्या नावाने ओळखतो, पण त्यात त्याचं नावच नाही. ते रोमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नावाने लिहिलंय. अंतियोकचा बिशप इग्नेशियस रोमकरांना पत्र लिहितो तेव्हाही तिथल्या बिशपाचा उल्लेख करत नाही. रोममध्ये एकच सर्वाधिकारी बिशप ही व्यवस्था दुसऱ्या शतकात हळूहळू रुजली असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. इ.स. २५१मध्ये बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्याकडचा पसारा मोजतो: ४६ धर्मगुरू, ७ डीकन (सेवाकार्य पाहणारे), आणि चर्चच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजू माणसं १५००हून जास्त. माझ्या मते रोमच्या बिशपाची पहिली खरी ताकद ही होती. भुकेल्यांना जेवू घालणारं, हिशेब ठेवणारं एक मोठं घर त्याच्या हाती होतं.

दमाससने या ताकदीला भूतकाळ जोडून दिला. संत सेबॅस्टियनच्या कॅटकोम्बसाठी रचलेल्या पद्यात तो म्हणतो की प्रेषित पीटर आणि पॉल यांना पूर्वेने पाठवलं हे आम्ही खुशीने मान्य करतो, पण त्यांना आपले नागरिक म्हणण्याचा जास्त हक्क रोमने मिळवलाय. त्यांच्या रक्ताच्या, म्हणजे हौतात्म्याच्या, जोरावर. अंतियोक आणि अलेक्झांड्रियासारख्या जुन्या, तोलामोलाच्या धर्मपीठांना दिलेलं हे उत्तर आहे, आणि तेही यात्रेकरूच्या डोळ्यांसमोर संगमरवरात. २७ फेब्रुवारी ३८० रोजी सम्राट थिओडोसियसने फर्मान काढलं, त्यात पीटरने रोमकरांना दिलेला धर्म सर्व प्रजेने पाळावा असं म्हटलं आणि तो धर्म पाळणारे म्हणून दमासस आणि अलेक्झांड्रियाचा बिशप पीटर यांची नावं घेतली. दमाससनंतरचा सिरिसियस ३८५ साली स्पेनमधल्या बिशपाच्या प्रश्नांना उत्तर देतो, ते सम्राटी हुकूमनाम्याच्या थाटात. पुढे पाचव्या शतकातला पोप लिओ तर स्वतःला पीटरचा वारसच म्हणवतो. पण मला या सगळ्याची बैठक भुयारातल्या त्या फरश्यांत दिसते. वेगवेगळ्या दफनभूमींत उतरावं आणि समोर त्याच वळणाचं अक्षर, त्याच बिशपाचं नाव.

आता हातातल्या कामाकडे. युसेबियसच्या मूळ फरशीचे फक्त तुकडे मिळालेत. पूर्ण मजकूर आहे तो सहाव्या शतकातल्या नकलेवर, आणि ती नकल सम्राट काराकल्लाच्या काळातल्या जुन्या फरशीच्या पाठीवर कोरलेली. पुरातत्त्वज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सीने एकोणिसाव्या शतकात ती उजेडात आणली. नकलकाराचं अक्षर अडाणी आहे, म्हणून मी मजकूर नकलेवरचा घेतला आणि वळण आग्नेसच्या फरशीचं. वर 'दमासस बिशपाने केलं' अशी ओळ. दोन्ही कडांना उभ्या रांगेत, एकाखाली एक अक्षर, फिलोकॅलसचं नाव आणि तो आपल्या पोप दमाससचा चाहता व भक्त असल्याचं निवेदन. लेखनिकाने पोपच्या शेजारी इतक्या ठळकपणे सही करावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. या उभ्या रांगांत रुंद एम आणि सडपातळ आय एकाच मध्यरेषेवर आणणं जिकिरीचं. मी प्रत्येक अक्षर ट्रेसिंग पेपरवर वेगळं काढून, त्याचा मध्य खुणावून मग रांग लावतोय. उजवी कड अजून बाकी आहे.

त्यानंतर कॅलिक्स्टसच्या दफनभूमीतल्या पोपांच्या दालनाकडे वळायचंय. तिथल्या तिसऱ्या शतकातल्या बिशपांच्या कबरींवर, पोंटियानस, अँटेरस, फॅबियन, नाव आणि 'बिशप' एवढंच, आणि पोंटियानस व फॅबियन यांना 'हुतात्मा' ही खूण, तेही ग्रीकमध्ये. ती अक्षरं साधी, घाईची, सारख्या जाडीची आहेत, त्यामुळे कट निब बाजूला ठेवून बोरूनेच काढून बघणार आहे. कुणी ग्रीक कोरीव अक्षरांवर काम केलं असेल तर बोरूची धार किती रुंद ठेवली, ते जरूर कळवा.