रंगपटाच्या बाजूने बघितलेला दशावतार

रूममेटचं गाव वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याच्या जरा अलीकडे. कार्तिक लागला की तळकोकणात जत्रा सुरू होतात आणि ही बया दरवर्षी सबमिशन वगैरे सगळं खुंटीवर टांगून गावाला पळते, तर यंदा म्हणाली तू पण चल. निघताना तिच्या दादाचा कॅमेरा माझ्या गळ्यात पडला, कॅननचा साधा डीएसएलआर, सोबत १८-५५ ची किट लेन्स. दादाला जत्रेचे फोटो हवे होते आणि हिला वडे खायचे होते, म्हणून मी.

पुण्याहून रात्रीची बस, आंबोली घाट झोपेत गेला, सावंतवाडीला उतरून शिरोड्याची एसटी. खिडकीतून माड, चिरेबंदी गडगे, मधेच वाफ्यांसारखी मिठागरं दिसतात. १९३० चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्यातही झाला होता, शाळेत पाठ केलं होतं पण जागा बघितल्यावर जरा वेगळं वाटतं.

दुपारी आरवलीच्या वेतोबाला गेलो. हा देव रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नवसाला चपला वाहतात अशी श्रद्धा. आणि चपला म्हणजे किती मोठ्या, माझा अख्खा हात कोपरापर्यंत एकीवर मावेल! देवळात फोटो नको म्हणून कॅमेरा पिशवीतच राहिला, पण त्या चामड्याच्या शिलाईवर पडलेला तिरका उजेड बघून हात शिवशिवले हे पहिल्यांदा झालं. केळ्यांचे घडही वाहतात, त्यातलं एक प्रसादाचं केळं मिळालं.

संध्याकाळी गावातली जत्रा. बायका ओटी भरायच्या रांगेत, बाहेर खाजाची दुकानं (बेसनाच्या कांड्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या, आल्याचा मस्त ठसका), फुगे, बांगड्या, उसळपाव. आम्ही दोनदा जेवलो. पालखी देवळाभोवती फिरली, मध्यरात्र उलटली आणि मग लोक चटया, गोधड्या घेऊन मांडवात पसरायला लागले, कारण आता दशावतार, म्हणजे इथलं रात्रभर चालणारं लोकनाट्य.

समोर आधीच आज्ज्यांनी जागा धरलेली. रूममेटच्या काकांची दशावताराच्या मंडळातल्या लोकांशी ओळख, त्यांनी मला मागे रंगपटात नेऊन बसवलं, आणि खरं सांगू तर माझी जत्रा तिथे सुरू झाली. रंगपट म्हणजे देवळामागची एक पडवी. जमिनीवर सतरंजी, त्यावर ट्रंका, ट्रंकेच्या झाकणाला आरसा टेकवलेला, आणि प्रत्येक नट स्वतःच स्वतःचं तोंड रंगवतोय. मेकअपमन वगैरे भानगड नाही. एक पन्नाशीचे काका, मिशी सफाचट, खाली लुंगी, वर बनियन, आणि चेहरा अर्धा राणीचा झालेला. मी कॅमेरा वर केला तर आरशातूनच म्हणाले, "गो चेडवा, डोळे काढून होऊंदेत, मगे काढ फोटो."

मग मी बसले. काजळाची काडी पापणीच्या कडेने निघाली की काका श्वास धरायचे, कानाकडे टोक ओढून झालं की सोडायचे. दोन्ही डोळे झाले, कुंकू झालं, मग लुगडं, अंबाडा, गजरा. गजरा माळताना त्यांनी मान जराशी वळवली आणि तिथे लुंगीवाले काका संपले, त्या जागी कुणी भलतीच बाई होती. तो फोटो मिळाला. थोडा हललाय, मला तसाच आवडतो.

बाहेर आडदशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा भाग, सुरू झालेला. आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद चोरणारा संकासूर, काळ्या कपड्यातला, आणि तो मालवणीत अशी काय बोलंदाजी करतो की झोपलेली पोरंही उठून बसतात. शेवटी विष्णू त्याला मारतो आणि मग मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नसते, कथानक तेवढं ठरतं, संवाद तिथल्या तिथे. म्हणजे फोटो काढणाऱ्यालाही पुढे काय होणार ते माहीत नाही, कान पखवाजाकडे ठेवायचा, ठेका चढला की कुणीतरी तलवार काढणार.

टेक्निकल ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: ५५ ला झूम केलं की ही लेन्स एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), त्यामुळे आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० आणि तरी अंधार. शटर सेकंदाच्या १/२०० वर केलं की ट्यूबलाइटमुळे काही फोटोंवर पट्टे येतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, १/१०० वर आणलं की पट्टे गेले. संकासूर आणि मागचा पडदा दोन्ही काळे, कॅमेऱ्याला वाटतं सगळं अंधारलंय, तो उजेड वाढवतो आणि बाकीच्यांचे चेहरे पांढरेफटक, म्हणून एक्स्पोजर मायनसमध्ये. हे सगळं दादाला रात्री दोन वाजता व्हॉट्सअॅपवर विचारत होते, बिचारा जागा होता. फ्लॅश मात्र कृपा करून मारू नका, नटाच्या डोळ्यावर येतो आणि मागच्या आज्ज्या शिव्या घालतात (एका मोबाईलवाल्याने खाल्ल्या, मालवणीत, फार सुंदर).

पहाटे दहीकाला झाला, मंडळी टेम्पोत सामान भरायला लागली, पुढच्या रात्री दुसरं गाव. लोक रात्रभर राजा म्हणून ज्याच्याकडे बघत होते तोच ट्रंकेचं एक टोक धरून क्लीनरला ओरडत होता, त्याचाही फोटो आहे, कपाळावरचा टिळा तसाच.

शिरोड्याची वेळागर, म्हणजे तिथला समुद्रकिनारा, बघायची राहिली, रूममेट अजून बोलतेय. मी एसटीत बसून ५० एमएम १.८ लेन्सची सेकंडहँड किंमत शोधत होते, किट लेन्सच्या ५.६ पेक्षा ती जवळपास दहापट उजेड घेते, आणि मेसचे पैसे वाचवले तर पुढच्या जत्रांपर्यंत जमेल. लुंगीवाल्या काकांना त्यांचे फोटो पाठवले, दोन दिवसांनी उत्तर आलं: "बायल म्हणता, लुगडा तुमकाच बरा शोभता. आणखी हत तर धाड."