प्लेट, रॉड की नुसती झोळी? माझ्या खांद्याची गोष्ट

पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून पाय घसरला आणि सगळा भार उजव्या खांद्यावर आला. माझं वय ५६, शाळेत गणित शिकवते, म्हणजे हात वर करून फळ्यावर लिहिणं हे पोटापाण्याचं काम. एक्स-रेत दंडाचं हाड खांद्यालगत मोडलेलं दिसलं. सांगलीतले डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तीन तुकडे वाटतायत. सीटी केल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

तो सीटी स्कॅन करून घेतला हे फार बरं झालं. वरचा गोळा, खालची दांडी आणि गोळ्याच्या बाहेरच्या बाजूचा उंचवटा असे तीन तुकडे त्यात स्वच्छ दिसत होते. हात उचलणारे स्नायू त्या उंचवट्यालाच येऊन चिकटतात आणि त्यांनीच तो तुकडा वर आणि मागे ओढून नेला होता. १९७० साली नीर नावाच्या अमेरिकन सर्जननी या फ्रॅक्चरची वर्गवारी केली, ती आजही वापरतात. तुकडा १ सेंटिमीटरहून जास्त सरकला किंवा ४५ अंशांहून जास्त कलला, तर तो 'हललेला' धरायचा. माझा चांगलाच हलला होता.

तरी ऑपरेशनला मन धजेना. भाचा इंग्लंडमध्ये फिजिओ आहे. तो म्हणाला, "मावशी, इथं २५० पेशंटांवर मोठा अभ्यास झालाय, २०१५ साली छापून आला. दोन वर्षांनी बघितलं तर ऑपरेशनवाले आणि झोळीवाले, म्हणजे नुसता हात गळ्यात बांधून ठेवलेले, सारखेच." मी हरखले. पण पुढचं वाक्यही त्यानंच सांगितलं: ज्यांना ऑपरेशन लागणारच असं सर्जनना स्पष्ट वाटत होतं, त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. मग हे मिरजेच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "झोळीतही हाड जुळेल. पण उंचवटा आहे तिथंच जुळला तर हात वर नेताना वरच्या हाडाला अडेल. तुम्हाला फळा लिहायचाय ना?"

मग प्रश्न उरला, हाड धरून ठेवायचं कशानं. 'सगळ्यात चांगलं काय' असं विचारलं की प्रत्येक डॉक्टर आपलंच घोडं पुढं दामटतो. म्हणून मी 'बिघडलं तर काय बिघडतं' एवढंच विचारत गेले आणि उत्तरं एकदम खरी यायला लागली. तारा घातल्या तर चिरे अगदी छोटे, पण ठिसूळ हाडात त्या ढिल्या होतात, बाहेर राहिलेल्या टोकांपाशी जंतुसंसर्गही होतो. रॉड वरून, स्नायूच्या पट्ट्यातूनच हाडाच्या आत घालावा लागतो, त्यामुळे नंतर खांदा दुखत राहू शकतो. उंचवटा शाबूत असेल आणि हाड फक्त गोळ्याच्या खालच्या अरुंद भागात मोडलं असेल तर रॉड छान. प्लेटमध्ये स्क्रू प्लेटलाच लॉक होतात, पण आतल्या बाजूच्या हाडाचा आधार गेला असेल तर गोळा आत कलंडतो आणि स्क्रूची टोकं सांध्यात घुसतात. उलटा सांधा, म्हणजे गोळा आणि वाटी यांच्या जागा अदलाबदल केलेला कृत्रिम सांधा, बसवण्याचाही विषय निघाला, पण तो मुख्यतः वयस्कर आणि गोळ्याचा चुरा झालेल्यांसाठी.

माझा आतला आधार शाबूत होता. रॉडची बाजू घेणाऱ्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं, "तुम्ही स्वतः अशा केसला जास्त काय टाकता?" ते हसले आणि म्हणाले, "प्लेटच." मग फार खल केला नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवून "कळतंय का?" असं विचारलं. खांद्याचा मोठा स्नायू चालवणारी नस तिथूनच वळसा घालून जाते, ती मार खाऊन बसली नाही ना हे आधीच बघून कागदावर नोंदवतात. प्लेटसोबत स्नायूंच्या पट्ट्यांतून जाड दोरे ओवून ते प्लेटच्या भोकांना बांधले. उंचवटा स्क्रूपेक्षा या दोऱ्यांनीच जास्त धरला जातो, असं ते नंतर म्हणाले. मानेपाशी ब्लॉकचं, म्हणजे हात बधिर करणारं, इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा नुसता शेजारी पडून होता. रात्री ब्लॉक उतरला आणि मग ब्रह्मांड आठवलं. दुखण्याची गोळी ब्लॉक उतरायच्या आधीच घ्यायची असते, हे पेशंटला मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवं.

पुढचे दिवस आरामखुर्चीत बसून झोपायचं, पुढून बटणांचा गाऊन घालायचा आणि यजमानांनी घातलेली वाकडी वेणी मुकाट्यानं मिरवायची. वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा, मग भिंतीवर बोटांनी चढायचं, मग दाराला कप्पी बांधून चांगल्या हातानं दुखरा हात वर ओढायचा. व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओ मुलीनं भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. खूण पुढं सरकायला लागली की दुखणंही जरा सोसवतं. हात वर जायला लागला, पण पाठीमागं नेऊन हुक लावणं अजून जमत नाही. ही हालचाल सगळ्यात शेवटी येते म्हणे.

हाडाची घनता तपासली, ती कमीच निघाली, त्याची औषधं चालू आहेत. शेजारच्या काकू भेटल्या की विचारतात, "प्लेट कधी काढणार?" डॉक्टर म्हणतात, टोचत नसेल आणि स्क्रू जागच्या जागी असतील तर काढायचं कारण नाही. टोचत नाही, तेव्हा मी काही काढणार नाही.