बोली चढली कशी?

दर शुक्रवारी माझ्याकडून एक यादी जाते. आमच्या ऑनलाइन फुटबॉल गेममध्ये आठवडाभरात जे खेळाडू विकले गेले, त्यातले माझ्या किमतीच्या मॉडेलच्या अंदाजाशी अजिबात न जुळणारे सौदे त्यात असतात. यादी ‘फेअर प्ले’वाल्यांकडे, म्हणजे लबाडी पकडणाऱ्यांकडे, जाते आणि तिथून पुढे दंड, सौदा रद्द, कधी कधी खातंच बंद. समोर कुठल्यातरी देशातला माणूस असतो, वर्षानुवर्षं निगुतीने क्लब सांभाळणारा. त्यामुळे यादीत नाव टाकताना हात जरा आखडतोच.

गेमचं नाव सांगत नाही, नोकरी आहे. पण स्वीडनमध्ये १९९७ साली सुरू झालेलं ‘हॅट्रिक’ ज्यांनी खेळलंय, त्यांना कूळ लगेच कळेल. इथे बटणं दाबून गोल मारायचे नसतात. तुम्ही मॅनेजर. पोरं घ्यायची, त्यांना सराव द्यायचा, भाव आला की विकायची. सोळा आठवड्यांचा एक हंगाम, आणि खेळाडूचं वर्षही तेवढंच, ११२ दिवसांचं. विक्री लिलावाने. अगदी शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदत तीन मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे शेवटच्या सेकंदाला टपकून कुणाला माल उचलता येत नाही.

किमतीचं मॉडेल तसं सरळ आहे. एका बाजूला वय (वर्षं आणि दिवस), कौशल्यं, खासियत, पगार, लिलाव कुठल्या वारी संपला. दुसऱ्या बाजूला किमतीचा लॉग (गणितातला लॉगरिदम), कारण हा बाजार गुणाकारात चालतो. कौशल्य एका पायरीने वाढलं की किंमत ठरावीक रकमेने नाही, पटीत वाढते. घरांच्या किमतींसाठी अर्थशास्त्रात हेच करतात, ‘हेडोनिक’ मॉडेल म्हणतात त्याला. खरी कटकट न विकलेल्या खेळाडूंची. त्यांची किंमत शून्य धरता येत नाही आणि त्यांना टाकूनही देता येत नाही. मालकाने मागितलेल्या रकमेला गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच त्यांच्याबद्दल कळतं. तेवढंच मॉडेलला सांगावं लागतं, नाहीतर ते बाजाराला आहे त्यापेक्षा श्रीमंत समजतं.

तर त्या शुक्रवारी यादीत सगळ्यात वर एक पोलंडचा फॉरवर्ड होता. वय १७ वर्षं ५ दिवस. मॉडेलचा अंदाज १८ लाख, विक्री १ कोटी १० लाख. सहापट! आमच्याकडे अंदाज चुकतो तो साधारण दीडपट इकडे नाहीतर तिकडे. सहापट म्हणजे एकाच माणसाची दोन खाती, किंवा दोस्ताच्या क्लबला पैसे पोचवायचा जुना मार्ग: टुकार खेळाडू लिलावात टाकायचा आणि सोन्याच्या भावाने उचलायचा. वरून निरोपही आला, “हे उघडच आहे, पाठवून दे.”

माझ्या शेजारच्या टेबलावर सपोर्टचा एक जण बसतो, निफाडकडचा. घरचा कांदा लासलगावच्या बाजार समितीत जातो, त्यामुळे लिलाव त्याने लहानपणापासून पाहिलेत. माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, “भाव काय निघाला ते राहू दे. बोली चढली कशी ते दाखव की. आमच्याकडे एका ट्रॉलीला भाव कडाडला तर बाप आधी विचारतो, भिडले कोण?”

बोलींची नोंद आमच्याकडे असते, फक्त किमतीच्या मॉडेलमध्ये ती कुणी घेत नाही. मी ती काढली. दोन दिवस बोली १६ लाखांवर पडून होती. मुदत संपायला चार मिनिटं असताना एक पोलिश क्लब आला, मग दुसरा, मग एक इटालियन. १७ लाख, १७ लाख ४०, १८ लाख. पुढे प्रत्येक बोली आधीच्यापेक्षा थोडीशीच वर आणि प्रत्येक वेळी घड्याळ तीन मिनिटं पुढे. हे तासाच्या वर चाललं होतं, तेही पोलंडमध्ये मध्यरात्र उलटून गेल्यावर. साठ लाखांच्या आसपास इटालियन गळाला. उरलेले दोघे १ कोटी १० पर्यंत भिडले. तिघांची खाती जुनी, एकमेकांशी कधी व्यवहार नाही, विकणाऱ्याशीही नाही. पैसे पोचवणारा माणूस असा पैसा-पैसा चढत नाही. त्याला गर्दी नको असते.

पण मग त्या पोरात होतं काय? कौशल्यं चांगली, तरी तशी डझनभर पोरं त्याच आठवड्यात वीस लाखांना गेली होती.

उत्तर कॅलेंडरमध्ये निघालं. गेममध्ये राष्ट्रीय संघांची २१ वर्षांखालची विश्वस्पर्धा असते. त्या पोराच्या गटाचा अंतिम सामना ४४२ दिवसांवर होता, म्हणजे त्या दिवशी त्याचं वय भरत होतं २० वर्षं १११ दिवस. दुसऱ्या दिवशी तो एकविसाचा, बाद. वयात बसणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठा, म्हणून सगळ्यात जास्त सराव झालेला. खऱ्या फुटबॉलमध्येही हे आहेच. २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही सामने होते. त्याला १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. जानेवारीतला पोरगा त्याच सालच्या डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड, तरी दोघे एकाच गटात.

सतरा वर्षांच्या सगळ्या पोरांच्या विक्रीचा आलेख मी अंतिम सामन्याच्या दिवशीच्या वयावर काढला. करवतीचे दात दिसले. सीमेपर्यंत किंमत चढत जाते आणि सीमा ओलांडली की धाडकन खाली, उतार नाहीच. एका दिवसाने मोठा असलेला, तशीच कौशल्यं असलेला पोरगा साध्या भावाने गेला होता. मॉडेलला वयाचे दिवस माहीत होते, स्पर्धेची तारीख माहीत नव्हती.

निफाडकर एवढ्यावर थांबला नाही. “आता उलटं बघ. एका उडीत चढलेले काढ.” काढले. यादीत जवळजवळ तळाला ३१ वर्षांचा एक गोलकीपर निघाला, अंदाजाच्या फक्त दीडपट किमतीला विकलेला. मॉडेलच्या लेखी निर्दोष. त्यावर एकच बोली होती, पहिली आणि शेवटची, आणि ती मागितलेल्या रकमेच्या कितीतरी वर. समोर कुणी नसताना माणूस स्वतःहून एवढे पैसे का देईल? त्याच दोन क्लबांमध्ये हंगामभर असेच सौदे झाले होते, दरवेळी दीडपटीच्या आतबाहेर, डोळ्यांत भरणार नाहीत एवढे. मॉडेल कुठे ओरडतं याचा अंदाज असलेला कुणीतरी होता तो.

गोलकीपरचे सौदे उलटवले गेले. पोलिश फॉरवर्डच्या मालकाला पत्र गेलं नाही. आता यादी लावताना मी आधी बोलीची शिडी बघतो आणि मग अंदाजाशी असलेला फरक.

नवीन भांडण वेगळंच आहे. प्रॉडक्टवाल्यांना मॉडेलचा अंदाज प्रत्येक खेळाडूच्या पानावर छापायचाय. मी अडून बसलोय. आकडा छापला की लोक त्या आकड्यापर्यंतच बोली लावणार, पुढच्या महिन्यात मॉडेल त्याच बोलींवरून शिकणार आणि स्वतःचाच आवाज ऐकत बसणार. तूर्तास तशाच खेळाडूंच्या अलीकडच्या विक्रीची खालची आणि वरची रक्कम दाखवायची, एवढ्यावर तडजोड झाली आहे. स्पर्धेच्या तारखेचा रकाना तिथे द्यायचा की नाही, यावर सोमवारी मीटिंग आहे.