नव्वद टक्के झालेली फियाट विकताना

गाडी १९६७ ची फियाट ११०० डी. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. हिचीच पुढे पद्मिनी झाली. सांगलीजवळ कुपवाडच्या ज्या शेडमध्ये तिला नव्यासारखी करायचं काम चाललं होतं ते मालकाला परत हवं होतं, आणि विश्रामबागेत आमच्या फ्लॅटखाली स्कूटर लावायचीच मारामार. म्हणून विकायची ठरली. इंजिन, ब्रेक, वायरिंग, रंग झाला होता. छताचं लायनिंग, बंपरचं क्रोम, दारांचं बीडिंग आणि मागच्या सीटचं कुशन राहिलं होतं.

'थोडंच राहिलंय' असं विकणारा म्हणतो आणि घेणारा नेमकं त्या थोड्यावरच बोट ठेवतो. लायनिंग नाही म्हटल्यावर एकाने तेवढ्यासाठी अशी रक्कम सांगितली की त्यात छतच नवीन आलं असतं! मग मी मिरजेच्या कुशनवाल्याकडून आणि कोल्हापूरच्या प्लेटिंगवाल्याकडून राहिलेल्या कामाचा अंदाज लेखी घेतला. तो कागद गाडीच्या काचेला लावून ठेवला. त्यानंतर घासाघीस झाली ती त्या आकड्याभोवतीच. आजवर किती घातले ते मी कुणाला सांगितलं नाही. ते कुणी भरून देत नसतं.

सांगलीची गाडी म्हटलं की पहिला प्रश्न पुराचा. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे बाहेरच्यांनाही पाठ आहे. शेड कुपवाडला, तिथवर कृष्णा येत नाही, हे सांगून भागत नव्हतं. फ्लोअरचा पत्रा कापून नवा जोडतानाचे फोटो तारखेसकट होते, ते दाखवले की प्रश्न मिटायचा. रंगाआधीचे फोटो ज्याच्याकडे नाहीत त्याने चकाकी कितीही दाखवावी, समोरच्याला आत लांबीच, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टीच दिसते.

एका डीलरने किंमत बरी सांगितली, पण त्याला मालकी बदलाचे सह्या केलेले कोरे फॉर्म हवे होते, पुढचं गिऱ्हाईक मिळालं की नाव चढवतो म्हणाला. तोवर गाडी कुठे धडकली तर आरसी बुकावर नाव माझंच. त्याला चहा पाजून वाटेला लावला.

शेवटी बेळगावचे एक काका आले, सोबत त्यांचा मिस्त्री. मिस्त्रीने खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारांच्या खालच्या कडेने सावकाश फिरवत नेलं. डाव्या मागच्या चाकावरच्या पत्र्यावर ते घसरलं.
"इथं लांबी हाय."
"आहे. हा बघा फोटो, किती भरलीय ते."
फोटो बघून तो काही न बोलता गाडीखाली गेला. काकांनी मला हळूच विचारलं, "एवढं केलंत, मग देताय का?" शेडचं सांगितलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे.

त्यांना व्हीए नंबरची, म्हणजे व्हिंटेज गाड्यांच्या खास नंबरची उत्सुकता होती. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढता येते. काकांना रविवारी आंबोलीला जायचं होतं. विषय संपला.

त्यांनी इसार दिला आणि मी आरटीओच्या मागे लागलो. आरसीचं नूतनीकरण आधीच करून ठेवलं होतं. पंधरा वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी लागतं, आणि इन्स्पेक्टर लायनिंग बघत नाही. ब्रेक, दिवे आणि नंबर बघतो. गाडी कर्नाटकात जाणार म्हणून फॉर्म २८ वर एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला, कर थकलेला नसल्याचा आणि पोलिसांकडे गुन्हा नसल्याचा कागद. त्या फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिलीने छाप काढावा लागतो. जुन्या गाड्यांचं घोडं इथेच अडतं, कारण रंगारी आकड्यांवर थर चढवून मोकळा होतो. आमच्या रंगाऱ्याला मी तिथे टेप लावायला सांगितली होती. पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली तर एकेक आकडा स्वच्छ उठला. इंजिन नंबरही बुकाशी जुळला. या वयाच्या गाडीत दुसरंच इंजिन बसलेलं असतं आणि बुकात त्याची नोंद नसते, असं पुष्कळदा आढळतं.

एनओसी आल्यावर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरूनच सह्या केल्या, झेरॉक्स ठेवल्या. परराज्यात विकली तर विकणाऱ्याने पंचेचाळीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तेही केलं. बाकी रक्कम खात्यात जमा झाल्यावरच चावी दिली.

गाडी फ्लॅटबेड ट्रकवर गेली. सुट्या भागांचे खोके मी चिठ्ठ्या लावून दिले होते, तरी आठवड्यात फोन आला, "डाव्या दाराच्या हँडलची स्प्रिंग कुठल्या खोक्यात?" बंपर त्यांनी जाता जाता कोल्हापूरलाच टाकले होते, माझ्याच प्लेटिंगवाल्याकडे. त्याने अंदाजापेक्षा दोन हजार कमी घेतले म्हणे.