तुरुंगाच्या अंगणातलं कोर्ट

आफ्रिकेतल्या मलावी देशात कोर्ट कधीकधी तुरुंगात येतं. मॅजिस्ट्रेट, कारकून आणि सरकारतर्फे खटला चालवणारा पोलीस अधिकारी अंगणात टेबल मांडतात आणि कच्च्या कैद्यांची प्रकरणं ऐकतात. तिथे याला ‘कॅम्प कोर्ट’ म्हणतात. राजधानी लिलाँग्वेजवळच्या एका तुरुंगात मी मोफत कायदेमदतीच्या कामासाठी अशा कोर्टाला हजर होते.

कोणाचं प्रकरण पुढे आणायचं ती यादी पॅरालीगल, म्हणजे वकील नसलेले कायदेसहायक, करतात. देशात वकील मोजके, म्हणून २००० सालापासून ही प्रशिक्षित माणसं तुरुंगात जाऊन वॉरंट तपासतात, जामीन कसा मागायचा ते कैद्यांना नाटुकल्या करून शिकवतात. माझ्या मते तिथल्या न्यायव्यवस्थेचा खरा भार हेच लोक वाहतात.

यादीत विशीतला एक मुलगा होता. शेजाऱ्याच्या कणगीतला मका चोरल्याचा आरोप. जानेवारी ते मार्च हे तिकडे उपाशी महिने. जुना मका संपलेला, नवा शेतात उभा. त्याचं रिमांड वॉरंट, म्हणजे कोठडीत ठेवण्याचा कोर्टाचा आदेश, मी हातात घेतलं. घडीवर फाटलेलं, शाई पसरलेली, पण तारीख वाचता येत होती. मुदत कधीच उलटली होती.

राज्यघटनेचं ४२वं कलम सांगतं की अटकेनंतर ४८ तासांत कोर्टापुढे उभं करा. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार खालच्या कोर्टातल्या गुन्ह्याचा खटला ३० दिवसांत, खून-बलात्काराचा ९० दिवसांत सुरू व्हायला हवा. कायदा चांगलाच आहे. पण मुदत संपली हे कोर्टाला सांगणारं कोणी नसलं तर माणूस आत सडतो. आपल्याकडे १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या हुसैनआरा खातून प्रकरणाने बिहारच्या तुरुंगांतले असेच विसरलेले कैदी उजेडात आणले होते.

मॅजिस्ट्रेट इंग्रजीत बोलत, कारकून मुलाला चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत, सांगे. “जामीनदार कोण?” तिथल्या चेवा समाजात घराणं आईकडून चालतं, म्हणून आमच्या पॅरालीगल बाईंनी थेट त्याच्या मामाला फोन केला होता. मामा गावप्रमुखाचं पत्र घेऊन सायकलने आला होता. पोलिसांकडे फाईल मागितली, ती नव्हतीच. मॅजिस्ट्रेटनी तिथल्या तिथे जामीन दिला. मामाने पत्राची घडी खिशात घातली आणि पोराच्या पाठीवर एक जोरात थाप मारली.

त्यानंतर खुनाचा आरोप असलेला एक प्रौढ माणूस पुढे आला. त्याचेही ९० दिवस केव्हाच सरले होते. पण खुनाचा खटला हायकोर्टातच चालतो, तिथे मॅजिस्ट्रेटचे हात बांधलेले. त्याने शांतपणे विचारलं, “मग माझं कोण ऐकणार?” त्या प्रश्नाने मला फार अस्वस्थ केलं. बाईंनी त्याचं नाव, अटकेची तारीख, वॉरंटचा क्रमांक लिहून घेतला. दुपारी आम्ही दोघी हायकोर्टाच्या रजिस्ट्रीत गेलो, अर्ज दिला आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच बाहेर पडलो.