टायटनवरचा पाऊस आणि आमचा सडा

रत्नागिरीजवळ आमची शाळा सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर आहे, जूनमधे वर्ग भरतो तेव्हा बाहेर पावसाची ये-जा चालूच असते. परवा नववीला शनीचा चंद्र टायटन दाखवत होते. आधी १९८० चा व्हॉयेजर-१ यानाचा फोटो, नुसता नारिंगी गोळा, खालचं काही म्हणजे काहीच दिसत नाही. तिथल्या हवेत वर मिथेन वायू उन्हाने तुटतो आणि त्यातून हे दाट धुरकट आवरण तयार होतं, हे सांगितलं. मग कॅसिनी यानाचे इन्फ्रारेड फोटो लावले, त्या प्रकाशाला हा धुरकटपणा फारसा अडवत नाही आणि मिथेनही त्या ठरावीक रंगात प्रकाश कमी खातो, म्हणून खालची जमीन दिसते.

एकाने लगेच विचारलं, "मग बाई, ह्यो पांढरा बाण कसला? ह्यो का नाय गायब झाला?" इतका नेमका प्रश्न! तो बाण म्हणजे २७ सप्टेंबर २०१० ला विषुववृत्ताजवळ दिसलेला मिथेनचा ढग. धुरकट कण अगदी बारीक, ढगातले थेंब त्यामानाने मोठे आणि दाट, त्यामुळे ढग इन्फ्रारेडमधे पण उजळ दिसतो.

मग त्यानंतरचा फोटो लावला, तिथली जमीन काळी पडलेली. काय झालं असेल ते मी मुद्दामच सांगितलं नाही. वर्ग गप्प. मागच्या बाकावरची एक मुलगी, तिच्या वडलांची होडी आहे, एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "बाई, पाऊस पडून गेलाय. आपल्या कातळावर सर येऊन गेली की भिजला तेवढाच भाग काळा होतो ना, तसं." माझ्या अंगावर काटा आला, कारण शास्त्रज्ञांनी पण तोच अर्थ लावलाय, उणे १७९ अंशातला मिथेनचा पाऊस, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भिजलेले, म्हणजे आख्ख्या महाराष्ट्राहून मोठा भाग! शनीचं वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं, २००९ मधे तिथे विषुवदिन होऊन गेला आणि दक्षिण ध्रुवाकडे दिसणारे ढग विषुववृत्ताजवळ दिसायला लागले, म्हणजे ऋतू बदलला, हेही तिथेच सांगून टाकलं.

घंटा झाली तरी ती फळ्याजवळ उभी. "बाई, मग ती जमीन वाळली का?" काही भाग नंतर परत उजळला, पण ते फोटो घरच्या लॅपटॉपवर राहिलेत. सोमवारी आणते म्हटलं, तेवढ्यात बाहेर सर आली आणि सगळा वर्ग दारात, कातळ कुठून काळा व्हायला लागतो ते बघत.