डॉक्टर आहेस, मग दवाखाना कुठाय?

लग्नात, बारशाला, कुठेही गेलं की हा प्रश्न येतोच, आणि सूर असा की एमडी पीडियाट्रिक्स झालेली बाई परळला लॅबमध्ये बसते म्हणजे हिची प्रॅक्टिस चालली नसणार. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

ओपीडी करते हो मी, आठवड्यातून दोन दिवस. बाकी दिवस त्याच ओपीडीतल्या पोरांच्या रक्तामागे असते.

रेसिडेन्सीत असताना एक बाळ आलं होतं, डाव्या काखेत बीसीजीची, म्हणजे टीबीच्या लशीची, गाठ फुटून वाहत होती, मग न्यूमोनिया, मग लिव्हरमध्ये पू, आणि आम्ही आपले अँटिबायोटिक बदलतोय. पोराच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारत नाहीत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. या आजाराचं नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, सीजीडी. रिपोर्ट आला तोवर बाळ गेलं होतं. वेळेत कळलं असतं तर रोजचं सेप्ट्रान हे अँटिबायोटिक आणि इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, पुढे जमलं तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट, एवढं तरी करता आलं असतं.

टेस्ट तशी छोटीच. रक्तात डीएचआर नावाचा डाय घालायचा, पेशींना पीएमए नावाच्या रसायनाने डिवचायचं आणि फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या मशीनवर, बघायचं. चांगल्या पेशी चमकतात, स्क्रीनवरच्या आलेखातला डोंगर उजवीकडे सरकतो. सीजीडीत तो ढिम्म हलत नाही. सोबत निरोगी माणसाचं रक्त लागतं, ते बहुतेक वेळा माझंच, कारण सकाळी आठला लॅबमध्ये दुसरं असतं कोण, त्यामुळे माझा हात कायम काळानिळा आणि आईला वाटतं मी काहीतरी लपवतेय. आणि सॅम्पल शिळं चालत नाही. एकदा शुक्रवारी निघालेलं सोमवारी पोचलं, ऐन मे महिन्यात, सगळ्या पेशी मेलेल्या. पुन्हा रक्त काढा म्हणून सांगायचा फोन अर्थात मीच केला.

सीजीडी ज्यांच्या बिघाडाने होतो त्यातला सीवायबीबी हा जीन 1986 मध्ये सापडला, तो एक्स क्रोमोसोमवर असतो, जो मुलाला आईकडून मिळतो. त्यात बिघाड असेल तर बाळाच्या आईच्या रक्तात दोन डोंगर दिसतात, काही पेशी चमकणाऱ्या, काही विझलेल्या. एका आईला हे स्क्रीनवर दाखवत होते तर शेजारून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दोष हिचाच ना?" मी उत्तर जुळवतेय तोवर ती आई स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "मॅडम, माझ्या बहिणीला सातवा महिना आहे."

बहिणीला मुलगा झाला. बीसीजी थांबवून ठेवली होती. सॅम्पल आलं, शेजारी नेहमीप्रमाणे माझं रक्त लावलं, आणि बाळाचा नि माझा, दोन्ही डोंगर उजवीकडे. मी फोन करून सांगितलं, टोचा लस.